खर्जाची जागा

पाण्याचा वॉल बावीस आट्यांचा होता आणि वैजनाथ एकोणिसाव्या आट्यावर होता, तेव्हा खिशातला फोन वाजला.

आटे मोजताना तो फोन घेत नसे. गेली सव्वीस वर्षं लातूरच्या नळांना पाणी सोडायचं काम करताना त्याने एवढा एक नियम पाळला होता. मोजणी चुकली की वरच्या गल्लीला धार आणि खालच्या गल्लीला नुसती हवा, आणि आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बायका वॉलमनचा जो उद्धार करतात तो ऐकवत नाही. पण पडद्यावर संघपालचं नाव होतं, आणि संघपाल रविवारी सकाळी सातला कधी फोन करत नसे. वैजनाथने लोखंडी चावी तशीच खड्ड्यात उभी ठेवली आणि फोन कानाला लावला.

"मामा, सर गेले," संघपाल म्हणाला. "पहाटं. नांदेडलाच, लेकीकडं."

पुढचं त्याने भराभर सांगितलं. माती आजच, दुपारी चार वाजता, नांदेडच्या ख्रिस्ती कब्रस्तानात. तो आणि करिश्मा नऊच्या गाडीने निघत होते. सरांच्या पत्नी नागम्माबाईंचा निरोप होता की सरांनी फार आधीच सांगून ठेवलंय, पेटी खाली उतरवण्याआधी चौघांनी ते गाणं म्हणायचं. गाण्याचे कागद संघपालने घेतले होते. मामांनी फक्त स्टँडवर यायचं होतं.

वैजनाथने खड्ड्यातल्या चावीकडे पाहिलं. मग त्याने घसा आवळला आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "संघपाल, माझा घसा बसलाय रे. परवापासून आवाजच फुटून न्हाई राहिला."

समोरच्या ओट्यावर एक बाई घागर घेऊन उभी होती. मिनिटभरापूर्वीच वैजनाथने खड्ड्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा हाकारा दिला होता, मोटर लावू नका म्हणून. ती त्याच्याकडे बघत राहिली. संघपालने मात्र शंका घेतली नाही. बरं मामा, गरम पाणी घ्या, बोलू नका जास्ती, असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याने थोडी हुज्जत घातली असती तर वैजनाथला बरं वाटलं असतं. एकोणीस झाले होते की वीस, हे त्याला आठवेना. उरलेले आटे त्याने अंदाजाने फिरवले.

हे सर म्हणजे ईश्वरप्पा सर. मिशनच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मूळचे देगलूरकडचे, त्यामुळे मराठी बोलता बोलता कानडी मध्येच डोकावायचं. तरुणपणी नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला दवाखान्याने त्यांना अकरा महिने जर्मनीला धाडलं होतं. यंत्र ते शिकलेच. पण तिथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, आणि परत येताना लोक जिथे घड्याळं आणि कॅमेरे आणतात तिथे हे गृहस्थ झेरॉक्स कागदांची एक बॅग भरून घेऊन आले. चारशे वर्षांपूर्वीची, देवाची गाणी. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं. कागद राहिले.

वैजनाथची त्यांची गाठ पडली ती लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी. चर्चच्या आवारात टँकर लावायचा होता, त्याची वेळ सांगायला तो शनिवारी दुपारी आत गेला. आत तिघं-चौघं गात होती आणि सर पायपेटीवर बसून पाय मारत होते. वैजनाथ दारातूनच म्हणाला, उद्या अकराला टँकर येईल, भांडी काढून ठेवा. सर स्टुलावरून उठले. त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, "पुन्हा बोल."

वैजनाथला वाटलं म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. त्याने पुन्हा सांगितलं. सर म्हणाले, "आणिक एकदा. निधान. घाई नको."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर सर मागे वळून नागम्माबाईंना म्हणाले की बास मिळाला. बास म्हणजे चार आवाजांतला सगळ्यात खालचा, खर्जातला. वैजनाथला तेव्हा यातलं काही कळलं नाही. त्याला एवढंच माहीत होतं, की औशाजवळच्या त्याच्या गावात भजनाला बसलं की बुवा पट्टी वर घेत आणि याचा आवाज तिथे पोचत नसे. घशात दगड हाय ह्याच्या, असं म्हणून पोरं त्याला टाळ हाती द्यायची आणि गप्प बसवायची. चाळिशी ओलांडल्यावर त्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं, की तुझ्या आवाजाची आमच्याकडे जागा रिकामी आहे.

मग नऊ वर्षं शनिवार. सरांनी त्याला ओळी सारेगम करून वहीत लिहून दिल्या, जर्मन शब्द बाराखडीत, आणि जिथे गप्प राहायचं तिथे मात्रांच्या उभ्या रेघा. गप्प राहायचं मोजून, हे बाकीच्यांना जड जायचं. वैजनाथला नाही, तो मनात आटे मोजायचा. भजनात सगळे एकाच वाटेने चालतात. इथे चौघे चार वाटांनी निघायचे, एकमेकांना मध्येच भेटायचे, सोडून जायचे, आणि शेवटी एका ओट्यावर येऊन बसावं तसे एका सुरावर येऊन थांबायचे. वरचा आवाज करिश्माचा, ती नर्सिंगला होती. त्याखाली सरांच्या पत्नी नागम्माबाई, मग रेल्वेच्या बुकिंगवर बसणारा संघपाल, आणि तळाला वैजनाथ.

या सगळ्यांत सरांचं लाडकं गाणं एकच. कुणी रचलं ते कळत नव्हतं, कारण झेरॉक्स काढताना कागदाचा वरचा भाग कापला गेला होता. अर्थ विचाराल तर एवढाच: एक म्हातारा देवाला म्हणतो, बघायचं ते बघून झालं, आता मला सुखाने जाऊ दे. सर सांगायचे, त्या काळात तिकडे तीस वर्षं लढाई चालली, गावंच्या गावं ओस पडली, देवळातून गाणारी माणसं उरली नाहीत. म्हणून आधी चाळीस-चाळीस जणांसाठी लिहिणारे लोक तिघाचौघांसाठी लिहायला लागले. ह्यानं चौघांसाठी लिहिलंय, ते म्हणायचे. चौघांत सगळं भागतं. पण चारी पायजेत, तिघांत भागत न्हाई. त्या गाण्याची सुरुवात खर्जाची. आठ मात्रा वैजनाथ एकटा, आणि मग बाकीचे त्याच्या अंगावर चढत जायचे.

नऊ वर्षांत तिथे त्याला कुणी तुझा देव कोणता म्हणून विचारलं नाही. संघपाल तर रविवारी सकाळी विहारात जायचा, शनिवारी दुपारी इथे, आणि बुकिंगच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइलवर ते गाणं ऐकवायचा. वैजनाथ घरी सांगायचा, टाकीवर जातो. सुरुवातीला नुसता संकोच होता. मग सांगायला उशीर झाला. मग इतका उशीर झाला की आता सांगणं म्हणजे नऊ वर्षांचं खोटं एकदम बाहेर काढणं. आणि आता तर पोरीचं जमत होतं.

पुनमने तीन स्थळं नाकारली होती. चौथ्याला तिने स्वतःहून होकार दिला. मुलगा शिवम, औशाच्या बाजूचा, शाळेत मास्तर. मध्यस्थ म्हणजे वैजनाथचा मेहुणा रामलिंग. पंधरा दिवसांपूर्वी रामलिंगने त्याला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाला की दाजी, तुम्ही चर्चातून निघताना एकदोघांनी बघितलंय. शिवमचे आजोबा शेषेराव जुन्या वळणाचे, भजनी मंडळ चालवतात. पोरीचं पक्कं होईस्तोवर तिकडे फिरकू नका. वैजनाथने तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं, की तिथं आपला एक वॉल हाय, त्याच्याच कामानं जावं लागतं.

पाव्हणे त्या रविवारी दुपारी एकला येणार होते. सुपारी फुटायची होती.

ते आले, जेवले. वैजनाथच्या बायकोने, उज्वलाने, पुरणपोळी केली होती, आणि शेषेरावांनी मागून घेतली. सत्तरी ओलांडलेला, ताठ, कमी बोलणारा माणूस. वैजनाथ त्यांच्याशी पावसाचं बोलला, बोअरचं बोलला, आणि दर दहा मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. दोन वाजले, म्हणजे ते पोचले असतील. तीन वाजले, म्हणजे चर्चमधून निघाले असतील. त्याने स्वतःची समजूत घातली की गेलेल्या माणसाला आता काय कळतंय, आणि पोरीचं आयुष्य समोर आहे. समजूत पटण्यासारखी होती. त्याला मात्र ती पटत नव्हती.

पावणेचारच्या सुमारास शेषेराव लोडाला टेकले आणि म्हणाले, "रामलिंग सांगत होते, तुम्ही गाता म्हणं."

रामलिंगने स्थळ गोड करायला हे कधीतरी ठोकून दिलं होतं. वैजनाथ म्हणाला की लहानपणी गावात भजनाला बसायचो, तेवढंच. शेषेराव म्हणाले, मंग होऊ द्या की एखादं.

सकाळी वापरलेली थाप आत्ताही चालली असती. पण मुलाच्या आजोबांना नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याने मांडी घातली आणि एक अभंग धरला, आपल्या पट्टीत, अगदी खालून. नऊ वर्षं सरांनी तो आवाज घासून-पुसून ठेवला होता. खोली भरून गेली. उज्वला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. शेषेरावांनी डोळे मिटले आणि गुडघ्यावर ताल धरला. ज्या आवाजाला गावाने टाळ देऊन गप्प बसवलं होतं त्याला एक भजनी माणूस मान डोलावत होता. खरं सांगायचं तर वैजनाथला फार आनंद झाला. चार वाजून सात मिनिटांनी तो आनंदात होता, आणि पुढे कितीही दिवस गेले तरी त्याला स्वतःची ही एक गोष्ट माफ करता येणार नव्हती.

अभंग संपला आणि टीपॉयवरचा फोन वाजला. वैजनाथचे हात कायम चावीला गुंतलेले, म्हणून घरात त्याचा फोन कुणीही उचलावा आणि स्पीकरवर टाकावा अशी रीत पडलेली. पुनमने तसंच केलं.

"मामा, बोलू नका," संघपालचा आवाज खोलीभर झाला. "घसा बसलाय ना तुमचा. नुसतं ऐका. नागम्माबाई म्हणल्या, वैजनाथला फोन लावून ठेव. त्यानं तिथून ऐकलं की चौघं झालो."

घसा बसलेल्या माणसाचं गाणं आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं.

फोनमधून वारा ऐकू आला. कुणीतरी खोकलं. मग काहीच नाही. रामलिंग म्हणाला, कटला वाटतं, आणि फोनकडे हात नेला. वैजनाथने त्याचं मनगट धरलं. कटला नव्हता. त्या आठ मात्रा होत्या. त्याच्या जागी त्यांनी कुणाला गायला लावलं नव्हतं. जागा तशीच सोडली होती. एक, दोन, तीन. वैजनाथ आटे मोजत होता. आठ झाले आणि करिश्माचा आवाज आला, तिच्याखाली संघपालचा, आणि मग नागम्माबाईंचा. नवऱ्याच्या पेटीपाशी उभी राहून ती बाई गात होती आणि तिचा सूर एकदाही हलला नाही. पण ते गाणं खालून पोकळ होतं. जिथे जिथे खर्ज यायचा तिथे तिथे ते तिघं वरच्यावर लोंबकळत राहायचे आणि मग कसेबसे पुढच्या सुराला हात घालायचे. परक्याला कळलं नसतं. वैजनाथला प्रत्येक खड्डा ओळखीचा होता.

फोन बंद करायला एक बोट पुरलं असतं. ते त्याने उचललं नाही, एवढंच त्या दिवसाचं त्याच्या बाजूने सांगता येईल.

गाणं संपलं. पेटी उतरवताना दोर घासल्याचा, मग मातीच्या पहिल्या मुठी लाकडावर पडल्याचा आवाज आला आणि संघपालने फोन ठेवला.

शेषेरावांनी विचारलं, "कोण वारलं?"

"माझे सर. गाणं शिकवायचे."

"कुठं?"

"चर्चात."

रामलिंग सावरायला गेला, की दाजींचा तिथं वॉल हाय, पाण्याच्या कामानं ओळख झालेली. शेषेरावांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला आणि तो गप्प बसला.

"किती वर्सं शिकला त्यांच्यापाशी?"

"नऊ."

"मंग तुम्ही हितं काय करून राहिले?"

प्रश्न साधा होता आणि आवाज चढलेला नव्हता. शेषेराव कुणाच्याही मातीला चुकणारा माणूस नव्हता. वैरी गेला तरी खांदा द्यायला जायचं, आणि नाहीच जमलं तर तिसऱ्या दिवसाच्या आत घरी जाऊन तोंड दाखवायचं, एवढंच तो जन्मभर पाळत आला होता. माणूस कोणत्या देवळात गातो हे त्याच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं. वैजनाथला हे आत्ता, त्याच्या तोंडाकडे बघताना कळलं.

"तुम्ही येणार होते म्हणून," तो म्हणाला. मग आणखी खरं बोलायचं म्हणून म्हणाला, "मी चर्चात जातो हे तुमाला चालंल का न्हाई, म्हणून."

शेषेरावांनी लोडाचा टेका सोडला. पुनम खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसली होती.

"म्हंजे आमच्यावर घातलं तुम्ही," ते म्हणाले. "मला इचारलं न्हाई, अन् माझ्या नावानं मयत टाळली. एक फोन केला असता, आमी उद्या आलो असतो."

वैजनाथला जमीन दुभंगावी असं वाटलं. शेषेराव उठले, टोपी डोक्यावर घातली. पोरगी पसंत हाय आमाला, ते वेगळं, असं त्यांनी उज्वलाला सांगितलं आणि सुपारी फोडायला रामलिंगच्या हाती दिली. दारात पायताण घालताना ते वैजनाथकडे वळले.

"सकाळी जीप घेऊन येतो. नांदेडला भेटायला जाऊ. माझ्या नावानं राहिलंय, मलाबी यावं लागंल."

पाव्हणे गेल्यावर उज्वला भांडी आवरत होती. वैजनाथ तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. तिने मागे न बघता सांगितलं, की शनिवारी टाकीवर जाताना कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नसतं. तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. अंघोळ करताना तो जे गुणगुणतो ते आपल्यातलं नाही, हे पुनमलासुद्धा माहीत होतं. "सकाळी मला सांगितलं असतं तर मीच गाडीत बसवून दिलं असतं," ती म्हणाली आणि परात उपडी करून ठेवली. म्हणजे लपवत तो एकटाच बसला होता, आणि तेही कुणापासून नाही.

सोमवारी सकाळी शेषेराव सांगितल्या वेळेला आले. लातूर मागे पडलं. मग शेषेरावांनी विचारलं, की चौघं जण वेगवेगळं म्हणतात तर एकमेकांत गुंता कसा होत नाही. वैजनाथने त्यांना समजावून सांगितलं: प्रत्येकाने आपली वाट सोडायची नाही, पण कान बाकीच्या तिघांकडे ठेवायचा. त्यांना ते आवडलं. भजनात असं करून बघायला पायजे, ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की अन् चौथा आलाच न्हाई तर? शेषेराव टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

उरलेल्या वाटेत वैजनाथने एक वाक्य तयार केलं. बाई, माझा घसा बसला नव्हता, मी खोटं बोललो. एवढंच. पुढे त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. त्याने ते मनात इतक्या वेळा म्हटलं की नांदेड येईपर्यंत त्याला थोडा धीर आला होता.

सरांच्या मुलीचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, भिंतीशी नागम्माबाई बसलेल्या. वैजनाथला बघून त्या उठल्या. तो पायाशी वाकला, सरळ झाला, तोंड उघडणार तोच बाईंनी हाताने थांबवलं. सरांच्याच दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होत्या त्या. पेशंटशी बोलण्याची सवय गेली नव्हती.

"बोलायचं न्हाई. बस आधी."

त्याला बसवून त्या आत गेल्या आणि स्टीलचा ग्लास घेऊन आल्या. ज्येष्ठमध, सुंठ आणि तुळशीचा काढा. संघपालने घशाचं सांगितलं होतं, म्हणून आज येशील असं वाटून सकाळीच उकळून ठेवला, आत्ता परत गरम केला, असं त्या म्हणाल्या. मग शेषेरावांकडे वळल्या. पाव्हण्याला रीतीप्रमाणे सगळं सांगायला हवं होतं: सर कधीपर्यंत उठून बसत होते, शेवटी काय खाल्लं, पहाटे कसे गेले. "कब्रस्तानात धा मिनटं थांबलो आमी," त्या म्हणाल्या. "पास्टर घड्याळ बघायले. मला आपलं वाटलं, आवाज नसला तरी ह्यो येऊन हुबा राहील. मंग म्हणलं, आजारी माणसाला कशाला तरास."

वैजनाथच्या हातात ग्लास होता. त्याने तो खाली ठेवला.

"बाई, माझा घसा," तो म्हणाला.

एवढेच शब्द बाहेर पडले. ते स्वच्छ, भरीव, खर्जात पडले आणि लहानशा खोलीत सगळ्यांना ऐकू गेले. नऊ वर्षं त्या बाईने शेजारी उभं राहून तो आवाज ऐकला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते राग नव्हता. राग असता तर त्याला पुढचं बोलता आलं असतं.

"कालपासून आवाज निघंना त्यांचा," शेषेराव म्हणाले. "मी संगंच होतो दिवसभर. लई तरास झाला."

जन्मात कधी उगाच शब्द न खर्च करणारा तो माणूस परक्या घरात, परक्या माणसासाठी खोटं बोलला आणि दाराकडे बघत बसला. वैजनाथला आधी वाटलं, आपल्याला वाचवलं. मग कळलं की ते आपल्यासाठी नव्हतंच. मातीला कुणी मुद्दाम आलं नाही, हे त्या बाईला ऐकावं लागू नये म्हणून होतं. आपण सांगून मोकळे झालो असतो, आणि ती ऐकून बसली असती.

बाईंनी क्षणभर दोघांकडे पाहिलं. मग ग्लास उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"पी," त्या म्हणाल्या. "गरम हाय तवर पी."

काढा कडू होता. वैजनाथ घोट घोट करून तो प्यायला, तळाशी बसलेल्या सुंठीसकट. ग्लास रिकामा झाला तेव्हा त्याने मान वर केली नाही, आणि नागम्माबाईंनी तो पुन्हा भरला.